काशीच्या गर्दीमागची घडी

काशीस जाऊन आलेल्या माणसाला तिकडची हकीकत विचारावी, तर तो आधी गर्दीचे सांगतो. गोदौलियाच्या चौकात रिक्षा, सायकली, हातगाड्या, दुचाक्या आणि रस्त्याच्या मधोमध निवांत रवंथ करीत बसलेला पोळ यांतून वाट कशी काढली. अरुंद गल्लीत समोरून प्रेतयात्रा आली तेव्हा भिंतीला पाठ लावून कसे उभे राहावे लागले. घाटाच्या पायऱ्यांवर पंड्यांनी कसे गाठले. हे सारे सांगून झाले म्हणजे मग गंगा येते, विश्वनाथ येतो. बहुधा या वर्णनाचा समारोप ‘देव मोठा, पण गाव भारी विस्कळीत’ अशा निर्णयाने होतो.

मध्यंतरी काशीत काही दिवस मुक्काम करण्याचा योग आला, तेव्हा ही गर्दी आम्हीही अनुभवली. गाडीने फिरण्याची सोय जुन्या काशीत नाही, त्यामुळे दशाश्वमेधापासून ब्रह्मघाटापर्यंतचा सारा भाग पायीच हिंडलो. कधी वरच्या गल्ल्यांतून, तर कधी खालच्या पायऱ्यांवरून. हिंडता हिंडता दोन प्रश्न मनात आले. पहिला हा, की जे गाव इतके विस्कळीत दिसते ते शतकानुशतके चालते तरी कसे? आणि दुसरा हा, की ज्या नगरीवर मराठ्यांचे राज्य एक दिवसही नव्हते, तिच्या काठावर मराठी नावे इतकी दाट का? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, असे आमचे मत झाले आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपणां सर्वांस त्यांतून काही घेण्यासारखे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

काशीच्या अव्यवस्थेची तक्रार नवी नाही. फ्रेंच वैद्य बर्निये सतराव्या शतकात, औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या आरंभीच्या वर्षांत, काशीस आला होता. हिंदुस्थानातील अथेन्स म्हणून त्याने या नगरीचा गौरव केला. परंतु युरोपातल्या विद्यापीठांप्रमाणे इमारत, वर्ग आणि ठरलेला अभ्यासक्रम त्याला येथे आढळला नाही. गुरू शहरभर विखुरलेले, कोणी स्वतःच्या घरी शिकवितो तर कोणी शहराबाहेरच्या बागेत. एकापाशी चार शिष्य, दुसऱ्यापाशी सहा-सात, आणि फारच नामांकित असेल तर बारा-पंधरा. हे शिष्य मात्र दहा-बारा वर्षे एकाच गुरूपाशी राहत. बर्नियेने पाहिले ते बरोबरच पाहिले. विद्येची व्यवस्था होती, पण ती एका छताखाली नव्हती, आणि म्हणून प्रवाशाच्या नजरेला ती व्यवस्था भासत नव्हती.

पुढे १८२४ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर काशीस आले. चाकांची गाडी येथील गल्ल्यांतून जात नाही आणि माणसांनी खांद्यावर वाहिलेली खुर्चीही मोठ्या मुष्किलीने जाते, असे त्यांनी नमूद केले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी महात्मा गांधी विश्वनाथाच्या दर्शनास गेले. निसरडी गल्ली, माश्या, कुजलेली फुले, व्यापाऱ्यांचा कोलाहल आणि रुपये जडविण्यासाठी फोडलेली संगमरवरी फरशी यांचे वर्णन त्यांनी आत्मचरित्रात केले आहे. फेब्रुवारी १९१६ मध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात राजेमहाराजांच्या समक्ष त्यांनी याच गल्ल्यांच्या अस्वच्छतेचा प्रश्न काढला. ज्याला घाण दिसली त्याने ती सांगितली, यात गैर काहीच नाही. पवित्र स्थळ आहे म्हणून घाणीकडे डोळेझाक करावी, असे आम्हांसही वाटत नाही.

तथापि घाण वेगळी आणि अव्यवस्था वेगळी. काशीत पहिली पुष्कळ होती. दुसरी मात्र दिसते तितकी कधीच नव्हती. याचा एक चांगला दाखला १८१० सालचा आहे. कंपनी सरकारने त्या वर्षी शहरांतील घरांवर कर बसविला. काशीच्या लोकांनी दुकाने मिटली, कामधंदे थांबविले, घरे सोडून ते मोकळ्या मैदानात जाऊन बसले आणि कित्येक आठवडे हटले नाहीत. लोहार, नावाडी, विणकर, पंडित असे सर्व थरांतले लोक त्यात होते. ना कोणी सेनापती, ना कोणते कार्यालय. जाती, पेठा आणि मोहल्ले यांच्या पंचांनी आपापली माणसे सांभाळली. अखेर १८११ मध्ये सरकारला कर मागे घ्यावा लागला. ज्या गावाला शिस्त नाही, त्या गावाकडून असे काम होत नाही.

जेम्स प्रिन्सेप याने ही घडी ओळखली होती. तो १८२० ते १८३० अशी दहा वर्षे काशीच्या टांकसाळीत धातूचा कस तपासणारा अधिकारी होता. त्याने शहराचा नकाशा काढला, घरांची व माणसांची गणती केली, साचलेल्या तळ्यांचे पाणी गंगेत नेण्यासाठी भुयारी गटार बांधले आणि आलमगीर मशिदीच्या डगमगत्या मिनारांची दुरुस्ती केली. त्याने काढलेली काशीची चित्रे पुढे प्रसिद्ध झाली. बाकीचे प्रवासी दोन-चार दिवसांत निर्णय देऊन गेले. प्रिन्सेप दहा वर्षे राहिला आणि मोजीत बसला. म्हणून त्याच्या चित्रांत गर्दी असली, तरी प्रत्येक आकृतीला तिची जागा आहे.

ही जागा, हा क्रम, आजही शोधणाऱ्यास सापडतो. घाटावर कोणीही कोणत्याही यजमानाला धरतो असे वरवर वाटते. परंतु तीर्थपुरोहितांची यजमानक्षेत्रे प्रांताप्रांतांनी वाटलेली असतात, आणि कोणत्या गावचे घराणे कोणाच्या वहीत, हे परंपरेने ठरलेले असते. नावाड्यांचे घाटांवरचे हक्क ठरलेले. मणिकर्णिकेवर अग्नी देण्याचे काम करणाऱ्या डोम घराण्यांत पाळ्या ठरलेल्या. पंचक्रोशीच्या यात्रेत कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे मुक्काम ठरलेले, आणि वाटेवरची देवळे एकामागून एक कशी घ्यायची तेही ठरलेले. ज्याला हा क्रम ठाऊक आहे त्याला काशी गोंधळाची वाटत नाही. तो आपली वाट धरून चालतो, एवढेच.

या क्रमाचे शास्त्र सांगणाऱ्यांत एक मराठी नाव फार मोठे आहे. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांविषयी ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. अकबराच्या काळी तोडरमलाच्या साह्याने विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे राहिले, त्यामागे नारायणभट्टांची प्रेरणा होती अशी परंपरा आहे. या ग्रंथात त्यांनी एक अवघड प्रश्न हाताळला आहे. काळाच्या प्रभावाने मूळ लिंगच जागेवर राहिले नाही, तर यात्रेकरूने काय करावे? त्यांचे उत्तर असे, की त्या स्थानी जे लिंग असेल त्याची पूजा करावी. आणि काहीच नसेल तरीही त्या स्थानाची प्रदक्षिणा व नमस्कार सोडू नयेत. म्हणजे दगड गेला तरी स्थान जात नाही, मात्र माणसाने येणे-जाणे थांबविता कामा नये. देवळे पडण्याचा आणि पुन्हा उभी राहण्याचा अनुभव असलेल्या नगरीतील हा व्यवहारी निर्णय होता. याच घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला, आणि नारायणभट्टांचे पणतू गागाभट्ट यांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. त्याआधी, १५७३ मध्ये, एकनाथांनी आपले भागवत याच नगरीत पूर्ण केले होते. पेशव्यांची माणसे काशीत आली त्याच्या दीडशे-दोनशे वर्षे आधीच येथे मराठी घरे रुजलेली होती, हे यावरून ध्यानी यावे.

अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार झाला तेव्हा काशी आपल्याकडे यावी, ही पेशव्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. शहर अवधच्या नबाबाच्या अमलात राहिले, तेथील प्रत्यक्ष कारभार बलवंतसिंह आणि पुढे चेतसिंह यांच्याकडे होता, आणि १७७५ च्या तहाने ते कंपनीकडे गेले. त्यामुळे काशीत जे काही बांधायचे ते हुकमाने बांधता येत नव्हते. जागा विकत घ्यावी लागे, शेजाऱ्यांची समजूत घालावी लागे, अंमलदाराची परवानगी मिळवावी लागे, आणि या सर्वांसाठी तेथे राहणारा भरवशाचा माणूस लागे. पहिल्या बाजीरावांच्या काळी सदाशिव नाईक हे असे गृहस्थ होते. घाटांच्या बांधकामाविषयीचा त्यांचा पत्रव्यवहार इतिहासाभ्यासकांस परिचित आहे. नारायण दीक्षित पाटणकर हे त्याच काळातले दुसरे मोठे नाव. काशीत येऊन त्यांनी घाट बांधले, अन्नदान चालविले आणि दक्षिणेतून येणाऱ्या कुटुंबांची वसाहत उभी केली. ब्रह्मघाट व दुर्गाघाट हा परिसर मराठी वस्तीचा म्हणून ओळखला गेला, त्याचे मोठे श्रेय त्यांचे आहे. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, त्या वेळी वाटेवरच्या सत्ताधीशांनी त्यांचा आदरसत्कार केला. ज्यांच्याशी मुलाची लढाई चालू होती किंवा व्हायची होती, त्यांच्याच मुलखातून आई सुखरूप यात्रा करून आली. तीर्थयात्रेची ही वाट राज्यांच्या सीमांहून जुनी आणि अधिक भक्कम होती.

परवानगी घेत घेत, तुकड्या-तुकड्यांनी झालेले हे काम नदीतून पाहिले म्हणजे चांगले उमगते. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि सारे शहर पश्चिम तीरावर वसलेले आहे. नाव उत्तरेकडे सोडली की घाट एकामागून एक येतात. आरंभी राजा घाट, ज्याच्याशी अमृतराव पेशव्यांचे नाव जोडलेले आहे. पुढे अहल्याबाईंच्या नावाचा घाट आणि त्याला लागून नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७४८ च्या सुमारास पक्का बांधला गेलेला दशाश्वमेध. मणिकर्णिकेच्या पलीकडे शिंदे घाट. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा उंच दगडी घाट व त्यावरचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ. पुढे गणेश घाट, जटार घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट. पंचगंगेवर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे. या ठिकाणचे पूर्वीचे भव्य देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडले गेले; त्याआधी थोडीच वर्षे, १६६५ मध्ये, फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने ते पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले होते. वरच्या गल्ल्यांत शिरावे तर अन्नपूर्णेचे पेशवेकालीन देऊळ आणि दुसऱ्या बाजीरावांनी बांधविलेले कालभैरवाचे देऊळ. यांपैकी कोणतेही काम दुसऱ्याशी सल्लामसलत करून झालेले नाही. ज्याला जेथे जागा मिळाली तेथे त्याने बांधले. बंगालच्या राणी भवानी, जयपूर, उदयपूर आणि नेपाळचे राजे, दक्षिणेतील मठ, सर्वांनी हेच केले. काशीचा नकाशा वेडावाकडा दिसतो त्याचे कारण हे आहे. ती एका राजाची राजधानी नसून अनेक प्रांतांनी आपापला वाटा घालून उभारलेली नगरी आहे, आणि अशा गावाला सरळ रेघ मिळत नाही.

या सर्वांत अहल्याबाईंचे काम निराळे ठरते. १६६९ मध्ये पाडल्या गेलेल्या विश्वनाथाच्या देवळाच्या शेजारी नवे देऊळ त्यांनी उभारले, ते १७८० च्या सुमारास पुरे झाले. पंजाबच्या रणजितसिंहांनी पुढे त्याच्या शिखराला सोन्याचा पत्रा दिला. हे देऊळ आकाराने लहान आहे; शिखराची उंची जेमतेम पन्नास फूट. ज्या सरदारांजवळ याहून अधिक द्रव्य होते त्यांनी याहून मोठ्या इमारती बांधल्या. पण अहल्याबाई बांधून थांबल्या नाहीत. नित्यपूजा, नैवेद्य, अन्नछत्र, पुजाऱ्यांची वेतने, विद्वान ब्राह्मणांच्या राहण्याची सोय, यांतील प्रत्येकासाठी खर्चाची तरतूद होळकरांच्या खासगी उत्पन्नातून लावून दिलेली होती. गंगेचे पाणी दूरदूरच्या देवस्थानांना नियमाने पोचविण्याची व्यवस्थाही त्यांनी केली, याची नोंद माल्कमने घेतली आहे. दौलत आणि खासगी यांचे हिशेब त्यांनी वेगळे ठेवले, आणि धर्मकार्य खासगीतून चालविले. ज्या परक्या अमलात देऊळ उभे होते तेथे आपले शिपाई ठेवता येत नव्हते. हिशेबनीस मात्र ठेवता येत होता.

तरतुदीत सामील होणारे हात नेहमी एकाच प्रांताचे किंवा धर्माचे होते असेही नव्हे. १७८५ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या आज्ञेवरून काशीचे न्यायाधीश अली इब्राहिम खान यांनी विश्वनाथाच्या देवळासाठी नौबतखाना बांधून दिला. पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिराला पेशव्यांचा आणि पुढे ग्वाल्हेर दरबाराचा आश्रय होता. तेथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, आणि २००६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी काशी सोडली नाही. देवळात चौघडा वाजला पाहिजे, तो वाजविणाऱ्याला नेमणूक मिळाली पाहिजे, एवढी साधी व्यवस्था कोण्या एके काळी कोणी लावून दिली. तिच्यातून पुढे असे रत्न निपजेल, हे ती लावणाऱ्यास कोठून ठाऊक असणार?

तरतूद नसली किंवा पाया कच्चा असला तर काय होते, याची साक्ष शिंदे घाट देतो. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीवर दगडी खांबांचा मंडप उभारला आणि १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेशेजारी एक प्रचंड घाट बांधावयास घेतला. अशी भव्य योजना काशीच्या काठावर क्वचितच कोणी आखली असेल. बायजाबाईंच्या दातृत्वाची कीर्ती दूरवर होती. त्यांच्या मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये कोकणातून निघाले, आणि त्यातून ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आपल्या भाषेला मिळाले. परंतु काशीचा काठ गाळाचा. दगडाचा भार त्याला सोसला नाही, आणि घाट खचला. विसाव्या शतकात ग्वाल्हेर दरबाराने तो पुन्हा बांधला. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही एका बाजूला कललेले आहे, आणि वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात व गाळात असतो. ते कोणी बांधले याविषयी नाना आख्यायिका नावाडी सांगतात. गंगेची धोक्याची पातळी येथे ७१.२६ मीटर धरतात. १९७८ च्या पुरात पाणी ७३ मीटरांच्याही वर गेले होते. दर पावसाळ्यात घाटांवर गाळाचे थर साचतात, आणि ते दर वर्षी धुऊन काढावे लागतात. म्हणजे काशीतील घाट हा एकदा बांधला आणि संपला असा नसतोच. त्याला दर आश्विनात पुन्हा हाती घ्यावे लागते.

खचण्याचा हा प्रकार दगडापुरता नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा काशीस येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी जन्मलेली मनकर्णिका पुढे झाशीची राणी झाली. आश्रयदात्यांची सत्ता गेली तरी वस्ती राहिली, कारण वर्षासने, अन्नछत्रे आणि वृत्ती काही काळ चालू राहिल्या. पुढे १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, आणि त्या वेळी खरी परीक्षा आली. होळकरांच्या खासगीच्या उत्पन्नाऐवजी सरकारने दर साल ठरावीक रक्कम द्यावी असे ठरले. ती तीन लाखांहून थोडी कमी होती. त्या काळी ही रक्कम पुरेशी असेल, पण रुपयाची किंमत दर दशकाला उतरत गेली आणि आकडा मात्र ठरलेला राहिला. १९६२ मध्ये या कार्यासाठी इंदुरात न्यास स्थापन झाला. देशभरातील २४६ धर्मादाय मालमत्ता, त्यांत शंभराहून अधिक देवळे आणि कित्येक घाट व धर्मशाळा, एवढा पसारा त्याच्याकडे आला. यांतील काही मालमत्तांच्या विक्रीवरून, विशेषतः हरिद्वारच्या कुशावर्त घाटावरील जागेवरून, वाद उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मधील निकालात न्यायालयाने या न्यासाला सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू असल्याचे स्पष्ट केले व झालेल्या हस्तांतरणांची चौकशी करण्यास सांगितले. इंदूरकर वाचकांस हा विषय आमच्याहून अधिक ठाऊक आहे. आम्हांस त्यातून एवढेच दाखवायचे आहे, की अहल्याबाईंनी काय बांधले याची यादी आपल्या तोंडपाठ असते. त्या यादीतील प्रत्येक जागेचा आज कागद कोणाच्या नावे आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

काशीच्या मराठी वस्तीने या काळात आणखी एक गोष्ट केली. आश्रय आटू लागला तेव्हा तिने त्या नगरीच्या भाषेत काम सुरू केले. बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म १८८३ मध्ये काशीत मराठी घरात झाला. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी वृत्तपत्रांच्या भाषेला वळण दिले. हिंदीत रूढ झालेल्या कित्येक शब्दांचे श्रेय त्यांना दिले जाते. लक्ष्मण नारायण गर्दे हेही काशीचेच, आणि हिंदी पत्रकारितेतले तितकेच मानाचे नाव. घरी मराठी, दारी हिंदी आणि पाठांतरात संस्कृत, अशी ही माणसे. त्यांनी मराठीपण सोडले असे कोणी म्हणणार नाही, आणि काशीने त्यांना परके मानले असेही कोणी म्हणणार नाही. ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे वाढलेल्या वाचकास ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही.

आता अलीकडचा बदल. विश्वनाथाच्या देवळाभोवतीची तीनशेहून अधिक घरे व दुकाने घेऊन देवळापासून गंगेपर्यंत मोकळा मार्ग करण्याच्या योजनेचा शिलान्यास मार्च २०१९ मध्ये झाला, आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी ती खुली झाली. सुमारे तीन हजार चौरस फुटांचा परिसर पाच लाख चौरस फुटांच्या जवळ गेला. घरे पाडताना त्यांच्या भिंतींत दडलेली चाळीसच्या वर लहान-मोठी देवळे उजेडात आली. मोकळ्या झालेल्या अंगणात अहल्याबाईंचा पुतळा आहे. गांधीजींनी जी निसरडी गल्ली वर्णिली, ती आता तशी राहिली नाही. वृद्ध यात्रेकरूला दर्शन सुलभ झाले, हे आम्ही स्वतः पाहिले आणि त्याचे समाधान वाटले. त्याच वेळी, ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या लहान देवळांतील दिवा लावला, ती घरे तेथून उठली, हेही तितकेच खरे. दिवा कोणाच्या पाळीचा, हा प्रश्न पूर्वी घरातच सुटत असे. तो आता कार्यालयात सोडवावा लागेल. देवळांभोवती मोकळी जागा झाली हे चांगलेच झाले, पण त्या जागेची जुनी घडी कागदावर उतरवून ठेवली नाही, तर पन्नास वर्षांनी तिची आठवण सांगणारा कोणी उरणार नाही.

काशीकडे पाहताना आम्हांस जे उमगले ते थोडक्यात असे सांगता येईल. त्या नगरीत आपले वाडवडील सत्ताधीश म्हणून राहिले नाहीत. ते जागा विकत घेणारे, परवानगी मागणारे, शिकविणारे, जेवू घालणारे आणि हिशेब ठेवणारे म्हणून राहिले. सत्ता नव्हती म्हणून त्यांना व्यवस्था नेटकी ठेवावी लागली, आणि ती नेटकी होती तोपर्यंत राज्ये बदलली तरी काम अडले नाही. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथील आपल्या पूर्वजांना सत्तेची सावली होती, त्यामुळे ही सवय तितकीशी लागली नाही. देऊळ बांधले, छत्री उभारली, धर्मशाळा काढली; पुढचे दरबार पाहील, असा भरवसा होता. तो दरबार जाऊन आता पाऊणशे वर्षे झाली.

म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. आपापल्या गावातील मराठी घराण्यांनी उभारलेली देवळे, घाट, विहिरी, छत्र्या आणि धर्मशाळा यांची यादी बहुतेक ठिकाणी कोणी ना कोणी केलेली असते. त्या यादीत आणखी तीन रकाने जोडावेत. जागा आज कोणाच्या नावे आहे. पूजा व डागडुजी यांचा खर्च कोठून येतो. आणि मूळ सनद वा दानपत्र कोणाच्या पेटीत आहे. यांतील बरेच कागद मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारी माणसे आपल्या गावांत दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत. ती आहेत तोवर हे वाचून घ्यावे. जेथे न्यास आहे तेथे त्याची नोंदणी आणि विश्वस्तांची नावे पाहावीत, आणि विश्वस्तांत पुढच्या पिढीतील एकाला तरी आताच घ्यावे. ज्या घराण्यांचे काशीच्या तीर्थपुरोहितांशी नाते आहे त्यांनी पुढच्या यात्रेत त्यांच्या वहीतली आपल्या घराण्याची नोंद पाहून ती उतरवून आणावी, आणि हयात असलेल्यांची नावे तीत लिहवून यावीत. मंडळाच्या पत्त्यावर अशा उताऱ्यांची प्रत आली, तर ती आम्ही दप्तरी ठेवू.